रविवारचे गव्हाणे

गव्हाणेअण्णा कुठल्याही इमारतीसमोर बसले की पहिला अर्धा तास काहीच करायचे नाहीत. निदान बघणाऱ्याला तसं वाटायचं. खाली पोतं, पाठीला सायकलचं चाक, डोक्यावर टोपी, नजर समोर आणि ओठ हलताहेत. लोक समजायचे, बाबा जपाला बसलेत. एकदा मंडईसमोर एका बाईंनी त्यांच्यापुढे दोन केळी ठेवून चक्क नमस्कार केला. अण्णांनी मान वळवली नाही. केळी पोत्याखाली गेली, पुटपुटणं चालूच.

"अहो अण्णा, सांगायचं नाही का त्यांना?" बाई गेल्यावर मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर आकडा चुकला असता. परत तळापास्नं मोजाया लागलं असतं."

ते दगड मोजत होते. आधी दगडांचे थर, मग कमानी, मग खिडक्या, मग खिडक्यांतले गज. सगळं मोजून झाल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. याचं कारण मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, कारण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते म्हणाले, "ज्यानं बांधलं त्यानं एकेक दगूड हातानं उचलला. आपुन निदान डोळ्यानं तरी उचलावा का न्हाय?"

मी मुंग्या मोजत बसलो.

खडकीच्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात अण्णा ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या ड्रॉइंगवर मेणकापड अंथरून काळ्या शाईनं त्याची तंतोतंत नक्कल करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्याच ऑफिसात त्या नकला फायलींत लावणारा क्लार्क मी. विश्रांतवाडीच्या पुढे त्यांचं घर, थोडी शेती, चार म्हशी. पहाटे चारला उठून धारा काढायच्या, दूध घालायचं, मग सायकलवरून कारखाना. सहा दिवस असे गेल्यावर सातव्या दिवशी हा माणूस पुन्हा सायकलवर टांग टाकून पेठांत यायचा आणि दुसऱ्यांच्या बापजाद्यांनी बांधलेल्या इमारतींपुढे बसायचा. निघताना म्हणायचे, "चला कुलकर्णी, दमून येऊ."

आमची ओळख माझ्या फुशारकीतून झाली. जेवणाच्या सुट्टीत मी कुणाला तरी सांगत होतो, की आपल्याला जलरंगाचा नाद आहे. नाद म्हणजे आदल्या दिवशी रंगांची पेटी आणली होती. शेजारी भाकरी खात असलेल्या अण्णांनी घास थांबवला. "खरं?" इतकंच म्हणाले, पण असं म्हणाले, की जणू परगावी आपल्या भावकीतला माणूस भेटावा. खोटं बोलून पस्तावल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात पुष्कळ आहेत. त्यात हा पहिल्या पाचांत.

पहिल्या रविवारी आम्ही मंडईसमोर बसलो. मंडईच्या इमारतीला मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. मी दोन तास घाम गाळून तो काढला. अण्णा उठून माझ्या मागे उभे राहिले.

"कुलकर्णी, मनोऱ्याच्या बाजू किती?"

"आठ."

"तुमाला हितनं दिसत्यात किती?"

मी वर पाहिलं. तीन दिसत होत्या, चौथी कशीबशी. कागदावर मी सात काढल्या होत्या.

"मागची बाजू पण पुढं आणलीया तुमी," ते शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाइकाला हेलपाटा नको म्हनून आसंल."

ते चिडवत होते का समजूत घालत होते, हे मला सात वर्षांत कळलं नाही.

त्यांची एकेक तऱ्हा होती. पेटीत पांढरा रंग नसायचा. पांढरं म्हणजे कागद. जिथं ऊन पडलंय तिथं कागद तसाच सोडायचा, आणि एकदा तिथं रंग गेला की गेला, पुन्हा पांढरं करता येत नाही. त्यामुळे उन्हाच्या जवळ आले की ते श्वास रोखायचे. दुसरी तऱ्हा पाण्याची. जी इमारत काढायची तिथलंच पाणी रंगाला वापरायचं. घरून पाणी आणायचं नाही. रिकामा पत्र्याचा डबा घेऊन यायचे आणि देवळाचा नळ, मंडईचा हौद, काही नसलं तर समोरच्या घरी जाऊन मागायचे. मागायला अर्थातच मला पाठवत, कारण माझं पेठेतलं मराठी.

शनिवार पेठेत एका दगडी कमानीसमोर बसलो होतो तेव्हा मी समोरच्या घराची कडी वाजवली. दार एका गृहस्थांनी उघडलं, चार बोटं.

"थोडं पाणी मिळेल का?"

"प्यायला?"

"नाही, चित्राला."

"चित्राला." त्यांनी माझ्याकडे, मग डब्याकडे, मग रस्त्यापलीकडे पोत्यावर बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. "ते कोण? गुरुजी?"

"हो."

"आणि आपण?"

"मी शिकतोय."

"किती वर्षं?"

"तीन."

"मग डबाभर कशाला? अर्धा पुरेल." असं म्हणून त्यांनी खरोखर अर्धा डबा भरून दिला आणि दार लावून घेतलं. मी अण्णांना हे सांगितल्यावर त्यांना इतकं हसू आलं, की त्या दिवशीचं मोजणं राहूनच गेलं.

वर्षाला एक चित्र, हा त्यांचा वेग. एका रविवारी एक कमान, पुढच्या रविवारी तिच्या आतली सावली. पावसाळ्यात छत्रीखाली बसून नुसती मोजणी. असं करत मार्गशीर्ष आला, की चित्र पुरं व्हायचं आणि ते शहरातल्या एका कलासंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला जायचं. आणि परत यायचं. मी त्यांच्यासोबत जायला लागलो तेव्हा पाच वेळा आलेलं होतं. पहिल्या वर्षी परीक्षकांपैकी कुणीतरी चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रेखाटन उत्तम. चित्र नाही.' नंतरच्या वर्षी तेवढेही कष्ट कुणी घेतले नाहीत. नुसता 'अस्वीकृत'चा शिक्का.

खरं सांगायचं तर परीक्षक अगदीच चुकत होते असं नाही. अण्णांच्या चित्रासमोर उभं राहिलं, की इमारतीसमोर नव्हे, इमारतीच्या हजेरीपटासमोर उभं असल्यासारखं वाटायचं. एकही दगड गैरहजर नाही. पण बघत राहिलं की हळूहळू त्या दगडांना ऊन लागायला लागायचं. त्याला वेळ लागायचा. परीक्षकांपुढं दोनशे चित्रं, त्यांना वेळ कुठून असणार?

अण्णांना बक्षीस नको होतं, विकायचं तर नव्हतंच. त्यांना एवढंच हवं होतं, की एकदा ते चित्र त्या हॉलच्या भिंतीवर लागावं. कारण पहिल्या वर्षी चित्र पाठवताना ते बायकोला म्हणाले होते, "लागलं की तुला बघायला नेतो." सरूवहिनी कधी पेठांत आल्या नव्हत्या. धारा, शेण, रान यातून कधी येणार? दरवर्षी त्या सुमाराला त्या एकदाच विचारायच्या.

"लागलं?"

"न्हाय."

"बरं." आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या.

हे मी अण्णांच्या तोंडून सतरा वेळा ऐकलं होतं. परत आलेली चित्रं घरी धान्याच्या कणगीमागे उभी करून ठेवलेली असत. भाऊबंद त्याला 'अण्णाचं रविवारचं खूळ' म्हणायचे. अण्णा त्यावर वाद घालत नसत. "खूळच हाय," म्हणायचे, "पर मोजून केलेलं हाय."

एका वर्षी त्यांनी खडकीच्या छावणीतलं जुनं दगडी चर्च घेतलं. त्या वर्षीचा माझा पराक्रम नोंदवलाच पाहिजे. तिसऱ्या रविवारी एक जवान आला आणि आम्हाला दोघांना उचलून चौकीत घेऊन गेला. छावणीत बसून दोन माणसं कागदावर इमारती काढताहेत, म्हटल्यावर त्याचं काही चुकलं नाही. आत एक सुभेदार बसले होते. मराठीच होते, सातारकडचे. अण्णा म्हणाले, "गप ऱ्हावा, मी बोलतो." पण प्रसंग पाहून गप्प बसणं हे माझ्या रक्तात नाही. मी छाती काढून पुढे झालो.

"साहेब, आम्ही काही कोणी ऐरेगैरे नाही. आम्ही कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातली माणसं आहोत!"

आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. मग दार लावून घ्यायला सांगितलं. अण्णांनी डोळे मिटले. कारखान्याची ड्रॉइंगं ज्यांच्या हाताखालून जातात अशी दोन माणसं छावणीच्या इमारती कागदावर उतरवताना सापडली, याचा अर्थ मला सोडून त्या खोलीत सगळ्यांना कळला होता.

"चर्चचं चित्र काढता म्हणता," सुभेदार अण्णांना म्हणाले, "मग सांगा, उजव्या अंगाला खिडक्या किती?"

"सात," अण्णा म्हणाले. "एक आतनं चिणल्याली. दुसरीचा वरच्या अंगाचा गज वाकलाय. कोपऱ्यात पावसाचा नळ हाय, त्याला तीन पट्ट्या."

सुभेदारांचा संशय यानं आणखी बळावला. इतकं बारीक कोण बघतं? दुपारी चारपर्यंत बसवलं. शेवटी ते स्वतः अण्णांचा कागद घेऊन चर्चपाशी गेले. अर्ध्या तासानं परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. "तीनच पट्ट्या आहेत," म्हणाले. "दहा वर्षं रोज समोरून जातोय मी." मग चहा मागवला. अण्णांना दिला, मला नाही. चहा घेता घेता अण्णा मला म्हणाले, "कुलकर्णी, तुमी फार मदत करता. जरा कमी करत जावा."

हे वाक्य मी लिहून ठेवायला हवं होतं.

शेवटचं वर्ष ओंकारेश्वराचं. अण्णांना रिटायर व्हायला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं. गुडघा धरला होता, चढावर सायकल हातात धरून चालायचे. मोजताना मध्येच थांबायचे आणि पुन्हा खालून सुरू करायचे. नदीकडून देवळाचा तट आणि वरची शिखरं, असा विषय होता. एकदा म्हणाले, "औंदा शेवटचं. आता न्हाय हुत. लागलं तर लागलं." वर्षभर ते तटावरच होते. मला विचाराल तर ते त्यांचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. शिखरांच्या एका बाजूला सकाळचं ऊन म्हणून त्यांनी बोटभर रुंदीचा कागद कोरा सोडला होता, आणि त्या कोऱ्या पट्टीकडे बघताना डोळे बारीक करावेसे वाटत.

चित्र पुरं झालं त्या रविवारी मीही जवळ बसून तेच देऊळ काढत होतो. माझी शिखरं एकमेकांना टेकून उभी होती. अण्णांनी पाहिलं, माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत सगळं देऊळ माझ्या कागदावर रेघांनी मांडून दिलं. "भरा आता," म्हणाले. आवाजात कंटाळा होता. मी भरायला घेतलं आणि पाऊण तासात माझ्या कोपराचा धक्का लागून नदीच्या पाण्यानं भरलेला डबा कागदावर लवंडला. तट नदीत गेला, नदी आकाशात गेली. मी घाबरून कागद उभा धरला, मग आडवा, मग उलटा. शेवटी कठड्यावर वाळत टाकला. अण्णांनी बघितलं आणि आपली पेटी बंद केली.

प्रदर्शनाचे अर्ज भरणं हे माझ्याकडे असे. मी क्लार्क, मला फॉर्म भरायला आवडतं. त्या वर्षी अण्णांचा फॉर्म भरल्यावर माझ्यातलं वांड पोर जागं झालं. मी दुसरा फॉर्म घेतला, माझं नाव घातलं आणि ते वाहून गेलेलं देऊळही सोबत दिलं. परत आल्यावर शिक्का दाखवून ऑफिसात हशा पिकवायचा, एवढाच हेतू.

आठवड्यानं निकाल बघायला गेलो. अण्णांचं चित्र परत. माझं भिंतीवर.

मी तिथल्या बाकावर बसलो. बाजूनं दोघे जण बोलत गेले, "त्या देवळात काय धाडसानं पाणी सोडलंय, नाही?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, की सोडलं नाही हो, सांडलं. अण्णांचं चित्र काखेत घेऊन मी घरी आलो आणि कपाटामागे लपवलं. रात्रभर मी विचार केला, आणि माझ्या विचारांचं नेहमी जे होतं तेच झालं. सकाळी मला एक मार्ग सुचला.

मी संस्थेच्या चिटणिसांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, चष्म्यावरून बघणारे.

"फॉर्म भरताना माझी एक चूक झाली. तेवीस नंबरचं चित्र माझं नाही, गव्हाण्यांचं आहे. नाव तेवढं बदलायचं होतं."

"स्वतःचं नाव लिहिताना चुकलात?"

"हो."

"काय करता आपण?"

"क्लार्क आहे."

"मग शक्य आहे," ते म्हणाले आणि चित्राखालची नावाची चिठ्ठी बदलली.

मला वाटलं, कुणाचंच नुकसान झालं नाही. रेघा त्यांच्याच होत्या, पाणी नदीचं होतं, माझा फक्त कोपर. त्यांना मी सांगायचं, की अण्णा, लागलं. रिटायर होताना माणूस समाधानानं जाईल. प्रदर्शन काय, आठ दिवसांत उतरतं.

ऑफिसात जाऊन मी सांगितलं. अण्णा ट्रेसिंग करत होते. "अण्णा, तुमचं लागलं." त्यांनी वर पाहिलं. शाईच्या पेनातून एक थेंब मेणकापडावर पडला. आजूबाजूचे लोक उठून बघायला आले, कारण गव्हाण्यांच्या कामावर डाग कुणी पाहिला नव्हता. अण्णा त्या डागाकडे बघत म्हणाले, "आता हिला आणाया पायजे. रविवारी."

सतरा वेळा ऐकलेली गोष्ट, आणि ऐन वेळी नेमकी तीच माझ्या डोक्यातून गेली होती.

रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवसांत मी चारदा त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि चारदा 'गुडघा कसा आहे' विचारून परत आलो.

रविवारी दुपारी मी हॉलच्या दाराशी उभा होतो. ती दोघं बसमधून उतरली. अण्णांच्या अंगावर पांढरा सदरा, त्यावर इस्त्रीची घडी. वहिनी हिरव्या इरकली लुगड्यात, डोक्यावरून पदर, पायात नव्या वहाणा. लग्नाला आल्यासारख्या. मला बघून म्हणाल्या, "तुमीच ते कुलकर्णी व्हय? लई मदत करता म्हनं यांना."

मी काहीतरी बोललो असणार. आठवत नाही.

आत गेलो. अण्णा प्रत्येक चित्र बघत सावकाश पुढे सरकत होते, घाई नव्हती त्यांना. बारा वर्षांनंतर घाई कसली? तेवीस नंबरपाशी आले. खाली छापील चिठ्ठी, 'ज्ञा. म. गव्हाणे'. त्यांनी आधी नाव वाचलं, चेहरा उजळला, आणि मग मान वर केली.

त्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही. मी त्यावेळी बाजूच्या चित्रातली बोट बघत होतो.

तेवढ्यात चिटणीस आले. "आपणच गव्हाणे? वा! अहो, इतकी वर्षं कुठे होतात?"

अण्णा म्हणाले, "हितंच."

चिटणीस हसून पुढे गेले. वहिनी चित्राच्या अगदी जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या. पुन्हा जवळ गेल्या. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. मला कळलं, की ते ठरवताहेत. एक शब्द बोलले असते, 'हेच', तर सगळं पार पडलं असतं. बारा वर्षांचं वचन, नवं लुगडं, बसचा प्रवास. त्यांनी तोंड उघडलं. पण वहिनीच आधी बोलल्या.

"हे तुमचं न्हाय."

"का गं?"

"तुमच्यात दगूड वेगळा वेगळा दिसतो. ह्येच्यात समदा चिखल झालाय."

"तुला काय ठावं?"

"न्हाय कसं? आकरा हायती की घरात. तुमी ड्यूटीवर गेल्यावर दुपारची कणगीमागनं काढून बघती. एकेक घेऊन उजेडाला बसती. त्या चर्चाच्या खिडकीचा गज वाकलाय, त्यो काय तुमी मला सांगितला व्हता?"

अण्णांनी भिंतीला हात टेकला. पडताहेत की काय म्हणून मी पुढे झालो, पण ते नुसते उभे होते. मग खिशातून पेन्सिल काढली, चिठ्ठीवरच्या आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि खाली माझं नाव लिहिलं. ट्रेसरचं अक्षर, छापील वाटावं असं.

"माझं कुठं हाय?" मला विचारलं.

"घरी. कपाटामागे. अण्णा, मला वाटलं..."

"ऱ्हाऊ द्या. उद्या आणा हापिसात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या अण्णांना म्हणाल्या, "हितवर आलोच हाय तर खरं देऊळ तरी दावा. कुठं हाय ते?"

"पुलापलीकडं. चालंवल का?"

"मला चालंवल. तुमचं बघा."

ते निघाले. मीही मागून निघालो, पंचवीस-तीस पावलांवर. माफी मागायची होती, वाक्यं जुळवत होतो. पुलावर अण्णा दोनदा थांबले, गुडघा दाबून पुन्हा चालले. वहिनी पुढे जाऊन थांबायच्या, मागे वळून बघायच्या.

त्यानंतरही चार महिने ते ऑफिसात होते. निरोपसमारंभही झाला, मी भाषणही केलं, त्यात दोन नावं चुकवली. ओंकारेश्वराचं चित्र मी दुसऱ्या दिवशी परत दिलं, त्यांनी दोरीनं सायकलला बांधून नेलं. पुन्हा आम्ही कधी एकत्र बसलो नाही. पण माझ्यापुरते अण्णा शेवटचे दिसले ते त्या दुपारी, देवळात.

मी पोचलो तेव्हा वहिनी एकट्याच तटाच्या कडेनं फिरत होत्या. दगडावरून तळवा फिरवत, मध्येच थांबून वर बघत. अण्णा एका खांबाला टेकून बसले होते. पाय पसरलेले, टोपी मांडीवर. हातात काही नाही, ओठ हलत नाहीत. मला वाटलं, डोळे मिटून रागावून बसलेत. मी जवळ गेलो, घसा खाकरला, सुरुवात केली. "अण्णा, माझं जे काही..."

पाठीमागून वहिनी लगबगीनं आल्या. ओठांवर बोट ठेवलं, मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "निजू द्या त्यांना. बारा वर्सं रैवारचं निजलं न्हाईत."

मग त्या त्यांच्याशेजारी बसल्या. माशी बसत होती, ती पदरानं हाकलली. मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो आणि पायांचा आवाज होऊ न देता बाहेर आलो.